पियानोची भिंत

पियानो घ्यायचा ठरला की घरची मंडळी आधी रंग ठरवतात, मग कंपनी, मग हप्ते. जागा ठरते सगळ्यात शेवटी, टेम्पो सोसायटीच्या गेटात येऊन उभा राहिल्यावर. “सोफा जरा इकडे घेऊ, बसेल तिथे,” एवढ्यावर निकाल लागतो. आणि सव्वादोनशे-अडीचशे किलोचं ते वजन एकदा भिंतीला लागलं की वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. घराला रंग काढतानासुद्धा त्याच्यामागची भिंत तशीच सोडून देतात. म्हणून ओळखीत कोणी पियानो घेतंय असं कानावर आलं, की मी खरेदीच्या आधीच घर बघायला जातो. त्याचे पैसे घेत नाही. ट्यूनिंग हा माझा धंदा आहे, पण जागा चुकली तर कितीही मन लावून केलेलं ट्यूनिंग टिकत नाही आणि चांगलं वाद्य डोळ्यांदेखत खराब होताना बघवत नाही.

हे काम मी धोबीतलावच्या एका वयस्क गोवेकर ट्यूनरकडे शिकलो. तेव्हा पियानोचा सगळा व्यवहार धोबीतलाव आणि फोर्ट एवढ्यातच चालायचा. फुर्टाडोजसारखं १८६५ सालचं दुकान तिथलंच. आता माझं बहुतेक काम उपनगरांत असतं : पश्चिम रेल्वेवर अंधेरी ते बोरिवली, मध्य रेल्वेवर घाटकोपर ते मुलुंड. आंबोली, मरोळ, ऑर्लेम, आयसी कॉलनी इथल्या ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी घरांत आजी-आजोबांपासून चालत आलेले पियानो आहेत. त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत मराठी, गुजराती, तमिळ घरांतही पियानो आले. मूल ग्रेडच्या परीक्षा देऊ लागतं, बाई सांगतात की आता कीबोर्डवर भागणार नाही, आणि टू बीएचकेमध्ये एका भिंतीची शोधाशोध सुरू होते.

पियानोच्या आत काय चाललेलं असतं हे कळलं, की ही शोधाशोध सोपी होते. पट्ट्या ८८, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास. खालच्या सुरांना एकेक जाड, तांबं गुंडाळलेली तार, मग दोन-दोन, आणि मधल्या-वरच्या सुरांना तीन-तीन. प्रत्येक तार साधारण ७०-८० किलोच्या ताणाने ओढलेली असते. सगळ्यांचा मिळून ताण १६ ते २० टनांच्या घरात जातो. तो पेलायला आत बिडाची चौकट असते. लोकांना वाटतं की एवढं लोखंड असलेल्या वस्तूला काय होणार? पण आवाज लोखंडातून येत नाही. तो येतो तारांच्या मागे बसवलेल्या स्प्रूसच्या फळीतून, साउंडबोर्डमधून. ही फळी जेमतेम ८-९ मिलिमीटर जाड असते आणि तिला अगदी थोडा फुगवटा दिलेला असतो. हवेत दमटपणा वाढला की लाकूड पाणी पितं, फुगवटा वाढतो, फळीवरची घोडी तारांना पुढे रेटते आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की फळी बसते, सूर उतरतो. मधल्या सप्तकात हे सगळ्यात जास्त जाणवतं. फेब्रुवारीत ४४० हर्ट्झवर लावून दिलेला ‘ए’ ऑगस्टमध्ये त्याच घरात ४४४-४४५ वर गेलेला मी पाहिला आहे. आणि सगळे सूर सारखे चढले असते तर एक वेळ चाललं असतं. खालचे जागच्या जागी राहतात, मधले चढतात आणि वाद्य आतल्या आत बेबनावाचं होऊन बसतं.

सुरापुरतं असतं तरी मी एवढी काळजी केली नसती, कारण सूर पुन्हा लावता येतो. पण तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या खुंट्या एका जाड फळीत निव्वळ घट्ट बसवलेल्या असतात. त्यांना धरून ठेवणारा वेगळा स्क्रू नसतो. ती फळी वर्षानुवर्षं फुगत-आटत राहिली की भोकं सैल होतात. मग मी चावी फिरवून तार सुराला आणतो, हात काढतो आणि खुंटी माझ्या डोळ्यांसमोर परत फिरते. त्या टप्प्यावर आलेल्या पियानोला काही करायचं म्हणजे मोठं आणि महागडं काम असतं, आणि बहुतेक घरं ते करत नाहीत.

पियानोला सर्वसाधारणपणे ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलै-ऑगस्टच्या सकाळी ८५ च्या आसपास आकडा असतो. फेब्रुवारीत पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की तोच आकडा दुपारी ४० च्याही खाली येतो. म्हणजे मुंबईत पियानोला कोरडी जागा शोधणं हा प्रश्नच नाही, ती मिळणारच नाही. शोधायची असते ती हळू बदलणारी जागा. जिथे जूनचा पाऊस पोचायला आठवडे लागतात आणि ऑक्टोबरचं ऊनही सावकाश येतं, अशी भिंत. माझ्या सगळ्या कामाचा गाभा एवढाच आहे. खिडकी, एसी, बाथरूम, बाहेरची भिंत ही सगळी जलद बदलणारी ठिकाणं आहेत.

म्हणून मी कोणाच्याही घरी गेलो की हॉल नंतर बघतो, आधी संडास-बाथरूम बघतो. घरातल्या बाईंना जरा अवघडल्यासारखं होतं. बोरिवलीला एका घरी असंच झालं. तिसरा मजला, नातीसाठी पियानो घ्यायचा होता. आजींनी हॉलमधली एक भिंत मोकळी करूनच ठेवली होती. कपाट हलवलं होतं, वरती बारका दिवाही लावून घेतला होता. मी चप्पल काढून सरळ आत गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, पियानो इकडे ठेवायचाय.” मी म्हटलं, “आजी, या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघतोय.”

पलीकडे बाथरूम होतं. नळाच्या बाजूची भिंत नेमकी तीच. मी हॉलमध्ये परत येऊन भिंतीला तळहात लावला. वरती गार आणि कोरडी, पण कमरेच्या खाली रंगाला बारीक फोड आलेले आणि स्कर्टिंगच्या फटीत पांढरी भुकटी. भिंतीत पाणी मुरतं, सुकतं आणि क्षार मागे ठेवतं, त्याची ती भुकटी. अपराइट पियानोची पाठ उघडी असते. साउंडबोर्ड भिंतीच्या बाजूला असतो आणि त्याची खालची कड बरोबर या उंचीवर येते. मी आजींचा हात धरून त्यांच्याही तळव्याला ती भिंत दाखवली. मग खिशातला आर्द्रता मोजायचा छोटा, घड्याळासारखा डबा काढला, तो त्या भिंतीशी जमिनीलगत ठेवला आणि दुसरा जेवणाच्या टेबलामागच्या आतल्या भिंतीशी. चहा होईपर्यंत दोन्ही आकडे स्थिर झाले. बाथरूमच्या भिंतीशी ८१, आतल्या भिंतीशी ७२. एकाच घरात, दहा पावलांच्या अंतरावर.

आजींनी थोडा वेळ दोन्ही डबे पाहिले आणि म्हणाल्या, “म्हणजे आमचं डायनिंग टेबल जाणार.” टेबल गेलं. त्या जागी पियानो आहे आणि घर आता हॉलमध्ये चटईवर पानं मांडून जेवतं. आजींनी गुडघे दुखत असूनही हे मान्य केलं याची मला आजही फार अपूर्वाई वाटते. त्यांच्यासाठी मात्र एक खुर्ची ठेवली आहे.

एसीचं प्रकरण याहून अवघड, कारण तिथे माणसांना वाटतं की आपण पियानोची सोयच करतोय. स्प्लिट एसी भिंतीवर उंच लावलेला असतो, त्याच्या खालची भिंत नेहमी रिकामी असते, म्हणून पियानो बरोबर तिथे येतो. अंधेरीला, वर्सोव्याच्या बाजूच्या एका घरात असाच होता. रात्री मूल सराव करतं तेवढे दोन तास एसी चालू, मग बंद. चालू असताना पियानोभोवतीची आर्द्रता पन्नाशीत यायची, बंद केला की खिडक्या उघडायच्या आणि तासाभरात समुद्राची हवा ती पुन्हा ऐंशीच्या वर न्यायची. रोज हा झोका. त्यापेक्षा एसी अजिबात नसलेल्या घरातला पियानो मी जास्त निरोगी पाहिला आहे. सतत दमट राहिलेलं लाकूड एका जागी स्थिर होतं, रोज दोनदा ताणलेलं लाकूड मात्र थकतं.

त्याच घरात पुढे दुसरी गोष्ट घडली. मे महिन्यात एसीची पाणी बाहेर नेणारी नळी धुळीने तुंबली आणि ट्रेमधलं पाणी भिंतीवरून ओघळून थेट पियानोच्या झाकणावर पडलं. झाकणाच्या मागच्या फटीतून ते आत, खुंट्यांवर आणि तारांवर गेलं. मला फोन आला तेव्हा दोन दिवस उलटले होते. वरच्या दीड सप्तकाच्या तारांवर तांबूस पीठ धरलं होतं, हॅमरचे फेल्ट टणक झाले होते. समुद्राच्या बाजूला गंज चढायला दोन दिवस पुष्कळ होतात. तारा बदलल्या, फेल्ट घासून मऊ केले आणि पियानो समोरच्या भिंतीला नेला. तेव्हापासून माझा नियम आहे की ज्या भिंतीवर एसी आहे तिच्या खाली पियानो नाही, आणि ज्या भिंतीवर एसीचा झोत थेट पडतो तिथेही नाही. घरमालकांचा चेहरा पडतो, कारण टू बीएचकेमध्ये या दोन अटींनी निम्म्या भिंती बाद होतात.

उरलेल्यांपैकी पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची बाहेरची भिंत मी स्वतःच खोडतो. आपला पाऊस त्याच दिशेने येतो. झड चार महिने त्या भिंतीवर आपटते, आणि नवीन इमारतींत बाहेरच्या भिंतीसुद्धा फार जाड राहिलेल्या नाहीत. शिवाय ऑक्टोबरपासून दुपारचं ऊन त्याच बाजूने आत येतं. पॉलिश उडतं हे डोळ्यांना दिसतं. ऊन लागणाऱ्या बाजूची फळी आधी आटते आणि दुसऱ्या बाजूची मागाहून, हे दिसत नाही, पण ट्यूनिंग करताना माझ्या हाताला कळतं.

एखाद्याकडे बाहेरच्या भिंतीशिवाय गत्यंतरच नसेल, तर मी पियानो चार बोटं नव्हे, चांगला वीतभर पुढे ओढायला सांगतो. मागून हवा फिरली पाहिजे. लोक त्या फटीत इस्त्रीचं टेबल, जुने पडदे, मुलाची क्रिकेटची बॅट कोंबतात. दर वेळी गेलो की मी ते काढून ठेवतो आणि दर वेळी ते परत तिथे आलेलं असतं. मुंबईच्या घरात वीतभर मोकळी जागा राखणं ही मोठीच मागणी आहे, हे मलाही कळतं.

बाल्कनीबद्दल मात्र मी ऐकून घेत नाही. उपनगरांत जवळजवळ प्रत्येक जुन्या सोसायटीत बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली असते, टाइल्स सलग केलेल्या असतात, त्यामुळे मूळ घर कुठे संपतं ते नव्या भाडेकरूला कळतही नाही. तिथली लांबट जागा पियानोच्या मापाची वाटते : पाच फूट लांबी, दोन फूट खोली. ती जागा इमारतीच्या अंगाबाहेर लोंबत असते. राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो धरून बांधतात आणि हा भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे खोलीत भिंतीलगत, तुळईजवळ ठेवलेला अपराइट स्लॅबला जड होत नाही. पण चाळीस वर्षांच्या बाल्कनीच्या पोटात सळीला किती गंज आहे हे वरून कोणाला दिसतं? खालून पाहिलं की कधी कधी दिसतं : प्लास्टर सुटलेलं, सळई उघडी. मी जिन्यातून उतरून खालच्या अंगणात जातो आणि वर बघतो. घाटकोपरला एका गृहस्थांना मी असंच खाली नेलं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि पियानोचं राहू दे, आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला.

जागा सुरक्षित असून भागत नाही, तिथे पोचता आलं पाहिजे. जुन्या इमारतींतली सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलो उचलते, म्हणजे वजनाच्या हिशेबात पियानो आणि वर दोन माणसं आरामात जातील. पण आत जेमतेम साडेतीन फूट जागा असते आणि पियानो पाच फूट. मग जिना. जिन्याच्या वळणावर, जिथे लँडिंगला कोणाची तरी चपलांची मांडणी आणि सायकल असते, तिथे पियानो उभा करून फिरवावा लागतो. हे काम करणारे हमाल आता थोडेच उरलेत. खांद्यावरचे पट्टे, गोणपाट आणि दोन फळ्या एवढ्यावर ते चौथ्या मजल्यापर्यंत नेतात. मुकादम वरून एकेक पायरी मोजत असतो आणि कोणी मध्ये बोललेलं त्याला खपत नाही. महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला, त्याला अर्धशतक उलटून गेलं. तरी पियानो चढवणाऱ्या या माणसांची पाठ आणि गुडघे बघितले की मला वाटतं, घर बघतानाच जिनाही बघायला हवा. चार माणसांच्या जिवाला धोका असेल तर तो पियानो त्या मजल्यावर जाऊ नये. एक-दोनदा मी तसं स्पष्ट सांगितलं आहे आणि खरेदी रद्द झाली आहे. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

माणसांच्या सुरक्षेचा आणखी एक भाग आहे, तो पालकांना माहीत नसतो. अपराइटचं वजन मागच्या बाजूला असतं, तिथे बिडाची चौकट आहे. खालची पितळी चाकं लहान असतात आणि गुळगुळीत टाइल्सवर ती चटकन सरकतात. दोन मुलांनी खेळताना पुढून जोर लावला आणि मागे भिंत नसली, किंवा मागची चाकं उंबऱ्याच्या किंवा गालिच्याच्या कडेला अडली, तर पियानो मागे कलंडतो. म्हणून खोलीच्या मधोमध आडोसा म्हणून पियानो उभा करणं मला पटत नाही. करायचंच तर चाकांखाली कप घालून, चाकं पक्की अडवून. आणि झाडणं-पुसणं करणाऱ्या मावशींना हे सांगून ठेवायचं की एकट्याने ढकलू नका. घरात तो सरकवायची वेळ बहुतेकदा त्यांच्यावरच येते.

तळमजल्याचं दुखणं वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर कलिन्याच्या बाजूला एका बैठ्या घरात मला बोलावलं. घरात कमरेइतकं पाणी आलं होतं आणि रात्रभर राहिलं होतं. पियानो त्या घरच्या आंटींच्या सासऱ्यांनी आणलेला, सागवानी पेटीचा, जुन्या विलायती घडणीचा. वरून बघितलं तर त्याला काही झालेलंच नव्हतं. पट्ट्या कोरड्या, हॅमर कोरडे, झाकणावरचा फुलदाणीचा रुमालही तसाच. आंटी म्हणाल्या, “बघ, वाचला ना?” मी खालचं पॅनेल काढलं. जुन्या पियानोत सगळे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस पाण्यात विरघळतो. साउंडबोर्डच्या मागच्या पट्ट्या सुटून गाळात पडल्या होत्या, फळीला खालपासून उभी चीर गेली होती, खालच्या सुरांची घोडी फळीवरून निघाली होती. पेडलच्या दांड्यांवर कागद, प्लॅस्टिक आणि चिखल बसला होता. मी पट्टी दाबली तेव्हा मधला सूर वाजला. आंटींनी तो ऐकला आणि त्यांना वाटलं मी दुरुस्त करू शकेन. सांगायला मला फार जड गेलं.

तेव्हापासून सखल भागातल्या तळमजल्यावर गेलो की मी शेजारच्या जाणत्या माणसाला विचारतो, “सव्वीस जुलैला पाणी कुठपर्यंत आलं होतं?” अजून लोक हात लावून दाखवतात. कधी दाराच्या चौकटीवर, कधी विजेच्या मीटरखाली. ती रेघ गुडघ्याच्या वर असेल तर मी तिथे लाकडी पियानो नकोच म्हणतो. दीड फुटाचा ओटा बांधून त्यावर पियानो ठेवलेलं एक घर मला माहीत आहे. ओटा पक्का आहे, वादकाचं स्टूलही त्यावरच बसतं, आणि ते घर दर पावसाळ्यात निश्चिंत असतं.

तळमजल्यावर आणि नॅशनल पार्कच्या कडेच्या सोसायट्यांत वाळवीही असते. पियानोखालची फरशी आणि मागची भिंत महिन्यातून एकदा टॉर्च लावून बघायची. मातीची बारीक नळी दिसली की त्याच दिवशी माणूस बोलवायचा. उंदीर पेडलच्या खाचेतून आत शिरतो, खालच्या पोकळीत घर करतो आणि फेल्ट कुरतडून त्याची गादी करतो. त्याला स्वयंपाकघराजवळची जागा आवडते, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी पियानो नको. फोडणीचा तेलकट धूर तारांवर बसतो, हे तर आहेच. कसर फेल्टला लागते ती बंद, न वाजणाऱ्या पियानोत. डांबरगोळ्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून आत टांगाव्यात, त्या तारांना किंवा पॉलिशला टेकू देऊ नयेत. पण कसरीवर खरा उपाय रोज झाकण उघडून वाजवणं हाच.

जुनी माणसं पावसाळ्यात पियानोच्या खालच्या भागात २५ वॅटचा पिवळा बल्ब जळत ठेवत. उबाऱ्याने दमटपणा कमी व्हायचा. माझ्या गुरूंनी तो बसवायची रीत मला शिकवली होती : फेल्टपासून आणि लाकडापासून किती लांब, वायर कुठून बाहेर. आता तसले बल्ब मिळणं कठीण झालंय आणि एलईडीला ऊब नसते, तरी लोक तो लावतात. पियानोसाठीच बनवलेली, आर्द्रता बघून आपोआप चालू-बंद होणारी हीटर रॉड मिळते. परवडत असेल तर ती घ्यावी. म्हणजे प्लगपॉइंट जवळ हवा, हाही जागेचाच प्रश्न झाला.

आणि पियानोच्या वरची जागा. आपल्याकडे कुठलाही सपाट पृष्ठभाग रिकामा राहत नाही. ख्रिस्ती घरांत येशूची तसबीर आणि मेणबत्ती, हिंदू घरांत गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो आणि उदबत्ती. अंधेरीच्या एका घरात तर दीड दिवसाचा गणपती पियानोवर बसवायचे, कारण हॉलमध्ये सगळ्यात शोभिवंत वस्तू तीच. श्रद्धेच्या गोष्टीत मी बोलणं बरं दिसत नाही, पण मी बोललो. घरचे काका म्हणाले, “अहो, संगीताच्या वर बुद्धीची देवता, याहून चांगलं आसन कुठलं?” मी त्यांना झाकण उघडून आत पाहायला सांगितलं. पंचामृताचा एक थेंब वाळून खुंटीवर घट्ट बसला होता आणि समईच्या तेलाचा ओघळ कडेने खाली गेला होता. पुढच्या भाद्रपदात गणपती शेजारी पाटावर बसला आणि नातवाने आरतीला पियानोवर साथ दिली. ते मला काकांनी आवर्जून फोन करून ऐकवलं.

हे सगळं सांगून झाल्यावर काही घरांत एकही भिंत उरत नाही. ३०० चौरस फुटांत चार माणसं, एकच बाहेरची खोली, तिच्या एका बाजूला मोरी आणि दुसऱ्या बाजूला पश्चिमेची खिडकी. तिथे मी डिजिटल पियानो घ्या असं सांगतो, आणि ते कमीपणाचं आहे असं मला वाटत नाही. चांगल्या डिजिटलला वजनदार पट्ट्या असतात, ट्यूनिंग लागत नाही, हेडफोन लावून रात्री अकरालाही सराव होतो आणि सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. मुलाचा हात तयार होणं महत्त्वाचं. लाकडी पियानो चुकीच्या भिंतीला लावून पाच वर्षांत त्याचं बेसूर खोकं झालं, तर मुलाचा कानही त्याबरोबर बिघडतो. बेसूर ‘सा’ बरोबर वाटू लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता उपनगरांत रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि पियानोंचं स्थलांतर त्याबरोबर. मुलुंडच्या एका कुटुंबाचा पियानो जुन्या इमारतीतून भाड्याच्या घरात आणि तिथून नव्या टॉवरमध्ये असा दोनदा हलला. भाड्याच्या घरात आम्ही मिळून एक आतली भिंत शोधली होती. नव्या घरात ते मेमध्ये राहायला गेले तेव्हा मी त्यांना म्हटलं की अजून कुठलीच भिंत ठरवू नका. नव्या इमारतीचं प्लास्टर आतून सुकायला पुष्कळ महिने जातात, वरच्या फ्लॅटमधलं बाथरूम कुठे गळतंय हे पहिल्या पावसाशिवाय कोणालाच माहीत नसतं, बिल्डरलाही नाही. पियानो हॉलमध्ये भिंतींपासून दूर घ्या, चाकांखाली कप घाला, चाकं अडवा, वर प्लॅस्टिक नको, सुती चादर घाला.

चार महिने पियानो तसा हॉलच्या मधोमध आहे. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मुलगी त्यावर सराव करत होती आणि सोफ्यापाशी जायला सगळे तिला वळसा घालून जात होते. वहिनींनी वहीत पावसाळ्याची नोंद ठेवली आहे. उत्तरेकडच्या भिंतीला काही नाही. पॅसेजच्या तोंडाशी श्रावणात एक डाग आला आणि तो अजून वाढतोय. बेडरूमच्या पाठीमागची भिंत पूर्णपणे कोरडी. दिवाळीनंतर मी दोन्ही डबे घेऊन जाणार आहे. आठवडाभर ते बेडरूमच्या आणि उत्तरेच्या भिंतीशी ठेवू, मग पियानो तिथे नेऊ, दोन-तीन आठवडे तसाच राहू देऊ आणि त्यानंतरच मी ट्यूनिंगची चावी बाहेर काढीन.